ल्युपस आहे, पण छातीत काहीच दुखत नाही, मग टूडी इको कशाला?

प्रश्न: मॅडम नमस्कार, माझं वय ३४, चार वर्षांपासून ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन) आणि थोडं स्टेरॉइड चालू आहे. सांधे आता बरे आहेत, दम लागत नाही, ईसीजीपण नॉर्मल आला, तरी आमच्या डॉक्टरांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितलाय. घरचे म्हणतात काही होत नसताना कशाला खर्च, सासूबाई तर म्हणाल्या हार्टचं नाव काढलं की माणूस तिथंच अर्धा खचतो. करू का नको? (सोलापूरहून एक वाचक)

उत्तर: ताई, करा, आणि आत्ता बरं वाटतंय तेव्हाच करा. ईसीजीत हृदयातली वीज कशी वाहते ते कळतं, पण झडपा, स्नायू आणि हृदयाभोवतीची पिशवी कशी आहे ते इकोतच दिसतं, त्यामुळे ईसीजी नॉर्मल आला म्हणजे इको नको असं होत नाही. ल्युपसमध्ये सगळ्यात जास्त वेळा त्या बाहेरच्या पिशवीला सूज येते आणि आत पाणी साठतं, थोडं असेल तर पेशंटला पत्ताही लागत नाही, स्क्रीनवर मात्र हृदयाच्या कडेनं काळी पट्टी लगेच दिसते. दुसरं म्हणजे झडपांवर, जास्त करून मायट्रल झडपेवर, मोसासारख्या बारीक गाठी येतात, त्यात जंतू नसतात. न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सॅक्स या डॉक्टरांनी १९२४ साली याचं वर्णन केलं म्हणून आजही त्यांचंच नाव आहे. या गाठी दुखत नाहीत, पण त्यातला कण सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू होऊ शकतो, आणि ज्यांच्या रक्तात अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (गुठळ्या व्हायचा धोका वाढवणाऱ्या) असतात त्यांच्यात हे जास्त दिसतं. तुमची ती रक्ततपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना आवर्जून विचारा.

तपासणीचं म्हणाल तर सुई नाही, रेडिएशन नाही, उपाशी राहायची गरज नाही. डाव्या कुशीवर झोपवतात, गार जेल लावतात, बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवून बघतात, मधेच श्वास सोडून धरायला सांगतात, आणि डॉप्लर (रक्ताचा वेग मोजायची सोय) लावला की फुस्स-फुस्स असा आवाज येतो, तो तुमच्याच रक्ताचा, घाबरू नका. अर्ध्या तासात बाहेर. सोबत बाई हवी असेल तर आधीच सांगा, यात संकोच नको.

एक गोष्ट मात्र नक्की करा, इको करणाऱ्या डॉक्टरांना तोंडानं सांगा की मला ल्युपस आहे. चिठ्ठीवर बहुतेक वेळा नुसतं टूडी इको एवढंच लिहिलेलं असतं, मग पंपिंग बघून रिपोर्ट हातात येतो. पेशंट पण ईएफ (पंपिंगचा टक्का) ६० दिसलं की फाइल बंद करतात, मला याचं फार वाईट वाटतं. ल्युपस काय आणि आमवात काय, ईएफ चांगलं असताना स्नायू आतून कडक व्हायला लागलेला असू शकतो, रिपोर्टमध्ये ते डायस्टोलिक डिस्फंक्शन म्हणून येतं. स्ट्रेन नावाची मोजणी असते, त्यात स्नायू किती आखडतो ते बघतात, साधारण उणे २०च्या आसपास आकडा नॉर्मल धरतात, ईएफ घसरायच्या आधी हा बिघडू शकतो. मशीन बदललं की आकडा थोडा बदलतो, म्हणून जमलं तर पुढचा इको त्याच ठिकाणी करा आणि आजचा रिपोर्ट जपून ठेवा, पुढे कधी दम लागला तर तुलना करायला हाच कामाला येतो.

आणि हो, हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधलं ब्लॉकेज साध्या इकोत थेट दिसत नाही. ल्युपसमध्ये तरुण बायकांनाही तो धोका असतो, तेव्हा बीपी, कोलेस्टेरॉल वेगळं बघा, आणि मिश्री लावत असाल तर ती सोडा, तोही तंबाखूच आहे.

प्रश्न: आईला स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक होणारा, प्रतिकारशक्तीचाच आजार) आहे, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात. गेल्या वर्षी इको झाला, डॉक्टर यंदा परत सांगतायत. रिपोर्टमध्ये टीआर व्हेलॉसिटी २.९ आणि पीएएसपी ३९ लिहिलंय. दरवर्षी खरंच लागतो का?

उत्तर: हो, या आजारात दरवर्षी लागतो, कारण फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर हळूहळू वाढू शकतं आणि जिना चढताना लागणारा दम आपण वयावर ढकलतो. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून मागं येणाऱ्या रक्ताचा वेग (टीआर व्हेलॉसिटी) मोजून त्या प्रेशरचा (पीएएसपी) अंदाज काढतात. २.९चा वर्ग करून चारनं गुणलं की ३४च्या जवळ येतं, त्यात उजव्या कप्प्याचं ५ धरलं की झाले तुमचे ३९. वेग २.८च्या वर गेला की आम्ही सावध होतो, म्हणून यंदाचा चुकवू नका आणि जुना रिपोर्ट बरोबर न्या. पण हा अंदाजच आहे, पक्कं निदान उजव्या बाजूनं कॅथेटर घालून प्रेशर मोजल्यावरच होतं, त्याआधी कुणी पल्मनरी हायपरटेन्शनचा (फुप्फुसातल्या वाढलेल्या प्रेशरचा) शिक्का मारला तर थांबा. फुप्फुसाची डीएलसीओ तपासणी (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते बघणारी) झाली नसेल तर तीही करून घ्या, दोन्ही मिळून चित्र स्पष्ट होतं.

प्रश्न: मी १४ आठवड्यांची गरोदर आहे, अँटी-रो (ल्युपससारख्या आजारांत रक्तात सापडणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलंय. बाळाच्या हृदयाचं काय?

उत्तर: पहिलं बाळ असेल तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव जणींच्या बाळाला हार्ट ब्लॉक (ठोक्याचा संदेश मधेच अडणं) होत नाही, हे आधी मनात धरा. आधीच्या बाळाला झाला असेल तर धोका बराच वाढतो, ते लपवू नका. १८ ते २४ आठवड्यांचा काळ जपायचा असतो, म्हणून साधारण १६-१८व्या आठवड्यापासून २६व्यापर्यंत फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको, करतात, किती दिवसांनी ते तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यात बाळाच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात ठोका पोचायला किती वेळ लागतो ते मोजतात. गरोदरपणातल्या सोनोग्राफीसारखा इथंही फॉर्म भरून सही द्यावी लागते, ओळखपत्र न्या. एचसीक्यू चालू असेल तर कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका, ती गरोदरपणात चालते आणि तुम्हाला दोघांनाही तिचा उपयोग आहे.