दोन बर्निंग सॉफ्टवेअर टाकल्यापासून डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही, नवीन घ्यावा का? आणि दोघांपैकी कुठलं ठेवू?

अजिबात घेऊ नका नवीन. हाच घोळ मी २००५ मध्ये आमच्या घरी निस्तरलाय आणि त्याचं श्रेय आजतागायत दुसऱ्यालाच मिळतंय, म्हणून जरा लांबण लागेल.

आम्ही तेव्हा कुर्ल्याला तळमजल्यावर. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, आमच्याकडे पाणी गॅसच्या ओट्याला टेकलं. कॉम्प्युटर कपाटावर चढवला म्हणून वाचला, पण आईबाबांच्या लग्नाचा अल्बम भिजला. आईने एकेक फोटो सोडवून पेपरवर, पंख्याखाली वाळवला, मी मित्राचा स्कॅनर आणून सगळे स्कॅन केले. आता सीडीवर राइट करून मावशी, आत्या सगळ्यांना द्यायचे. एक सॉफ्टवेअर रायटरच्या (सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हच्या) बॉक्समधून आलेलं, ते सारखं एरर देतंय म्हणून मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीतलं दुसरं टाकलं, मग दोघांचं जमेना म्हणून पहिलं काढलं, रीस्टार्ट मारला, आणि माय कॉम्प्युटरमधून ड्राइव्हच गायब. ट्रे आतबाहेर होतोय, दिवा लागतोय, पण विंडोज एक्सपीच्या लेखी ड्राइव्ह नाहीच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह, कोड ३९, म्हणजे ड्राइव्हचा ड्रायव्हर बिघडलाय किंवा सापडत नाही.

भावोजी आले. त्यांनी सहा महिन्यांचा कोर्स केलेला, त्यामुळे घरात शब्द त्यांचाच. म्हणाले, "लेन्स गेली." दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडवरून नवा रायटर, घरी येऊन जंपर लावून बसवला. परत कोड ३९. मग दुसरा निकाल, "फॉरमॅट मार." अहो, सगळे स्कॅन माय डॉक्युमेंट्समध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर!

ते जेवायला बसले तेवढ्यात मी नाक्यावरच्या सायबरमध्ये पळालो आणि शोधून काढलं. ही सॉफ्टवेअर ड्राइव्हच्या वाटेवर आपापला फिल्टर ड्रायव्हर बसवतात, म्हणजे विंडोज आणि ड्राइव्हच्या मध्ये बसणारा छोटा प्रोग्राम. काढताना फाइल जाते, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, नाव तसंच राहतं. वॉचमन नोकरी सोडून गेला तरी त्याच्या सहीशिवाय गेट उघडायचं नाही, तसला प्रकार. आणि ते नाव एका ड्राइव्हपुरतं नसतं, सीडी-डीव्हीडीच्या अख्ख्या क्लासला लागू असतं. म्हणजे भावोजींनी दहा रायटर आणले असते तरी दहाही बंदच! रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचा प्रोग्राम) उघडा, एच-की-लोकल-मशीन, सिस्टम, करंट-कंट्रोल-सेट, कंट्रोल, क्लास, त्यात ४डी३६ई९६५ने सुरू होणारी लांबलचक की. उजवीकडे अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स दिसतील (एकच असेल तर एकच), ते उडवा, रीस्टार्ट. मायक्रोसॉफ्टनेही हाच उपाय दिलेला आहे, माझं डोकं नाही.

पाच मिनिटांत ड्राइव्ह हजर. मग मी मुद्दाम नवा काढून जुना रायटर लावला, तोही चालला, बाराच्या बारा सीड्या त्याच्यावरच राइट केल्या. तरी अजून गणपतीत विषय निघाला की ताई सांगते, "ह्यांनी नवा रायटर बसवला म्हणून फोटो वाचले." जुना रायटर मी माळ्यावर जपून ठेवलाय, पुरावा म्हणून.

कुठलं ठेवायचं म्हणाल तर कुठलंही, पण एकच. नुसत्या फाइल्स टाकायच्या असतील आणि विंडोज ७ किंवा पुढचं असेल तर दोन्ही काढा, त्यात बर्निंग आहेच.

अरे हो, उडवण्याआधी ती की एक्सपोर्ट करून (तिची प्रत काढून) ठेवा, हे वरच सांगायला हवं होतं. शेजारची ४डी३६ई९६७वाली की हार्डडिस्कची आहे, तिथलं काही उडवलंत तर मशीन उठणारच नाही. नंतर जे सॉफ्टवेअर ठेवाल ते कदाचित परत इन्स्टॉल करावं लागेल, कारण त्याचाही फिल्टर गेलेला असतो. आणि बायोसमध्येच (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) ड्राइव्ह दिसत नसेल तर मात्र केबल तरी गेली किंवा ड्राइव्ह तरी, मग खुशाल भावोजींसारखं लॅमिंग्टन रोड गाठा.