गिंपमध्ये फोटो शार्पन केला की कडांना पांढरी रेघ का येते? आकडे किती ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय, की रायगडच्या टकमक टोकाचा मोबाइलवर काढलेला फोटो गिंप या फोटो एडिट करायच्या प्रोग्राममध्ये शार्पन केला, तर कड्याच्या कडेला पांढरी रेघ आली, आकाशात दाणे उमटले आणि आकडे जुन्या ट्यूटोरियलमधून घेतले होते. तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

शार्पन केल्याने फोटोत नवा तपशील येत नाही, फक्त कडांचा उठाव वाढतो. गिंपचं शार्पन म्हणजेच अनशार्प मास्क हे फिल्टर आधी मनातल्या मनात फोटोची धूसर प्रत बनवतं, मूळ फोटोतून ती वजा करतं आणि उरलेला फरक काही पटीत मूळ फोटोत परत मिसळतं. तुमच्या कड्यावर शंभर टक्के झूम करून बघा. समजा, आकाशाच्या पिक्सेलचा उजेड 200 आहे (0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा) आणि लगतचा खडक 60. धूसर प्रतीत कडेलगतचं आकाश 165 पर्यंत उतरतं, म्हणजे फरक 35. अमाउंट, म्हणजे फरक मिसळायची पट, 0.5 असेल तर त्यातले 17 परत मिळतात आणि आकाश 217 होतं. खडक उलट 43 पर्यंत काळवंडतो. हीच ती पांढरी रेघ, आणि तिच्या शेजारची काळीसुद्धा. रेघ किती रुंद दिसेल ते रेडियस, म्हणजे धूसर प्रत किती पसरट असेल तो आकडा, ठरवतो, किती चमकेल ते अमाउंट.

गिंप 2.10 मध्ये हे फिल्टर उघडताच रेडियस 3, अमाउंट 0.5 आणि थ्रेशोल्ड 0 असे आकडे दिसतात. नेटवर टाकायच्या लहान फोटोला 3 चा रेडियस फार मोठा आहे. रेघ कित्येक पिक्सेल पसरते आणि डोळ्यांना खुपते. थ्रेशोल्ड म्हणजे किती फरकापासून पुढे कड मानायची ती मर्यादा. तो 0 असला की आकाशातला बारीकसा नॉइजही (फोटोतले नको असलेले दाणे) फिल्टरला ‘कड’च वाटतो, म्हणून दाणे. जुन्या ट्यूटोरियलचा घोळही इथेच आहे. 2.8 पर्यंत थ्रेशोल्ड 0 ते 255 असा मोजायचे, आता 0 ते 1 असा मोजतात. तिथे 4 लिहिलं असेल तर त्याला 255 ने भागा, साधारण 0.016 येईल. रेडियसचे जुने आकडेही जसेच्या तसे घेऊ नका, 2.10 मध्ये तोच आकडा जास्त जोरात लागतो.

आता क्रम. तिरका फोटो सरळ करणं, क्रॉप, रंग, नॉइज कमी करणं हे सगळं आधी उरका. मग इमेज मेन्यूतल्या स्केल इमेजमधून फोटो शेवटच्या मापाला आणा, उदाहरणार्थ 4000 पिक्सेल रुंदीवरून 1600 ला. इतका लहान करताना त्याच चौकटीत इंटरपोलेशन (नव्या पिक्सेलचे रंग ठरवायची पद्धत) नोहॅलो निवडा. शार्पन याच्या नंतरच करायचं. आधी शार्पन करून मग फोटो लहान केला तर केलेली मेहनत निम्मी पुसली जाते, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते.

शिफ्ट, कंट्रोल आणि डी दाबून लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, प्रत करा आणि वरच्या लेयरचा मोड (तो खालच्या लेयरमध्ये कसा मिसळतो ते) ल्युमिनन्स ठेवा. त्यामुळे उठाव फक्त उजेड-अंधारात वाढतो, कडेला जांभळ्या-हिरव्या छटा येत नाहीत. कीबोर्डवरचा 1 दाबून शंभर टक्क्यांवर या. त्यापेक्षा लहान दिसणाऱ्या फोटोवर ठरवलेले आकडे हमखास चुकतात. मग फिल्टर्स, एन्हान्स, शार्पन. रेडियस 0.6, अमाउंट 0.7, थ्रेशोल्ड 0.015 इथून सुरुवात करा. स्प्लिट व्ह्यूवर टिक केली की अर्धा फोटो आधीचा, अर्धा नंतरचा दिसतो. मधली रेघ नेमकी कड्याच्या कडेवर आणून ठेवा. रेडियस 1 च्या पुढे न्यायची गरज या मापाला सहसा पडत नाही. थ्रेशोल्ड फार वाढवला तर गवत नि खडकाचा पोत मेणासारखा गुळगुळीत राहतो आणि फक्त मोठ्या कडाच उठतात. ते जास्त वाईट दिसतं.

आकाश मात्र लेयर मास्कनेच वाचवा. हे लेयरवरचं झाकण, त्यात काळा केलेला भाग लपतो. वरच्या लेयरवर राइट क्लिक करून ॲड लेयर मास्क, पांढरा. मास्कच्या चौकटीवर क्लिक करा आणि मऊ कडांच्या मोठ्या ब्रशने आकाशावर काळा रंग फिरवा. आकाशच काळं होऊ लागलं तर तुम्ही मास्कऐवजी लेयरवर रंगवताय. कंट्रोल झेड करून पुन्हा मास्कवर क्लिक करा. माणसाचा चेहरा असेल तर गालावर हाच ब्रश, डोळे आणि भुवया तेवढ्या सोडायच्या.

गिंप 3.0 असेल तर काम आणखी सोपं. मार्च 2025 मध्ये आलेल्या या आवृत्तीत फिल्टर लेयरवर जिवंत राहतं, ‘एफएक्स’ खुणेवर क्लिक करून आकडे नंतरही बदलता येतात.

मोबाइलचा जेपेग कॅमेऱ्यातच बऱ्यापैकी शार्पन होऊन येतो हे विसरू नका. म्हणून मी अशा फोटोला वरच्या 0.7 ऐवजी अमाउंट शक्यतो 0.5 च्या आसपासच ठेवायला सांगेन. फोकसच चुकला असेल किंवा हात हलला असेल, तर अनशार्प मास्कने काही होणार नाही. थोडासाच मऊ फोटो असेल तर जीमिक या प्लगइनमधलं (गिंपला वेगळं जोडायचं साधन) रिचर्डसन-ल्युसी शार्पन करून बघा. ते धूसरपणा उलटा सोडवायचा प्रयत्न करतं, पण नॉइजही उचलतं.

एक्सपोर्ट करताना जेपेगची क्वालिटी 90 च्या खाली आणू नका, कारण शार्पन केलेल्या कडांभोवतीच कॉम्प्रेशनचे डाग आधी दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो पुन्हा दाबला जातो. आणि प्रिंट काढायची असेल तर मोठ्या मापाची वेगळी प्रत ठेवा: रेडियस 1 ते 1.5, आणि स्क्रीनवर किंचित जास्त वाटेल इतका अमाउंट. कागदावर शाई पसरते, त्यात तो जास्तीचा उठाव मावतो.