द्वेष काकाच्या माथी मारू नकोस

प्रिय मुली,

तुझ्या संगीत नाटकाचा खर्डा वाचला. पदं सुरेख झाली आहेत. पण आंतरजातीय लग्नाला विरोध करणारा काका पहिल्या प्रवेशापासून दातओठ खातो, आणि तिथेच नाटक सैल पडतं. प्रेक्षक त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे होतील. पुन्हा लिहायला बसण्याआधी ‘साउथ पॅसिफिक’ नीट वाच, ऐक.

संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन यांचं हे संगीत नाटक ७ एप्रिल १९४९ रोजी न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलं. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. नेली ही अमेरिकी नौदलातली नर्स, आर्कान्सामधल्या लिटल रॉकची, हसरी, मनमोकळी. एमील या फ्रेंच मळेवाल्यावर तिचा जीव जडतो. त्याच्या हातून पूर्वी एक माणूस मेला आहे, हेही ती पचवते. मात्र त्याची दिवंगत बायको पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिक बेटांवरची, होती, त्याची दोन मुलं तिची, हे कळल्यावर ती माघार घेते. जिच्यावर आपण पहिला अंकभर लोभ केला, तिच्याच मनातून हा विद्वेष निघतो! पुढे ती म्हणते, हे माझ्यात जन्मजातच आहे. लेफ्टनंट केबल हा अमेरिकी सैनिक ते एका गाण्यात खोडून काढतो: द्वेष उपजत नसतो, सहा-सात-आठ वर्षांच्या आत पोरांना तो पढवावा लागतो. हे म्हणणाऱ्या केबलनेही लिआटशी, म्हणजे उत्तर व्हिएतनाममधल्या टोंकिनच्या त्याच्या प्रेयसीशी, लग्नाला नुकताच नकार दिलेला असतो. म्हणून त्या छोट्याशा गाण्याचा उपदेश होत नाही.

ते गाणं गाळा, असा आग्रह लेखकांना झाला होता. ते बधले नाहीत. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आमदारांनी त्यावर आक्षेप घेतला. तेव्हा कित्येक राज्यांत मिश्रवंशीय विवाह बेकायदाच होता. ती बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मोडली.

तरी या नाटकापुढे नुसती मान डोलावू नकोस. लिआटच्या तोंडी जेमतेम काही शब्द आहेत. केबलचं मन अखेर पालटतं, पण तो मोहिमेत मारला जातो आणि त्यांचा संसार दाखवण्यातून लेखक सुटतात. ही पळवाट मला खटकते. तुझ्या नायकाला मारू नकोस. नायिकेला तिचं स्वतःचं, रागाचं पद दे.

काकाचा भाग निम्म्यावर आण आणि तो नकार थोरल्या बहिणीच्या तोंडी घाल, जिच्यावर सगळ्या घराचा जीव आहे. तालमी सुरू होण्याआधी तेवढा प्रवेश मला पाठव.

तुझा,
सर