इंजेक्शनच्या आधी थायरॉइड तपासा

तुम्ही विचारलंय की वय ५२ आहे, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, मित्र म्हणतो टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, उतरलं, इंजेक्शन घे. तर हे खरं का?

उतरतं, पण तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण १ टक्का. एवढ्यानं धडधाकट माणूस शेताच्या धुऱ्यावर आडवा होत नाही. मी झालो होतो, म्हणून लिहितोय.

२०१७ चा पावसाळा, माझं वय ५४. दारव्हा तालुक्यात आम्हा दोघा भावांची शेती एकत्र. कपाशीत डवरणी, म्हणजे कोळपणी, सुरू होती आणि चार ओळी काढल्या की मला बसावंच लागे. बसलं की झोप. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे, सारं गाव जमलेलं, आणि मोठे दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "काऊन रे, बसून खाची सवय लागली का तुले?" माझ्या जागी लावलेल्या माणसाची मजुरी त्यांनी कापसाच्या हिशेबात माझ्या हिश्श्यातून कापली. ते पैसे मी विसरलो, ते वाक्य नाही.

तालुक्याच्या एका दवाखान्यात 'ताकदीच्या' चार सलाईन लावून घेतल्या. रक्त तपासायचं नावही कोणी काढलं नाही.

ओळखलं ते बायकोनं. ऑक्टोबरच्या उन्हात मी गोधडी मागत होतो, आवाज जाडा झाला होता, सकाळी डोळे सुजत. ती मला यवतमाळला घेऊन गेली. डॉक्टरांनी टाचेच्या वरच्या दोरीसारख्या जाड शिरेवर हातोडी मारली. पाय झटकला गेला, पण परत जागेवर यायला वेळ लागला. तेवढ्यावरूनच त्यांना थायरॉइडची शंका आली. रक्तात टीएसएच ६२ निघालं. चार-पाचच्या आत हवं असतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी पडली की मेंदूखालची ग्रंथी तिला हाकायला टीएसएच वाढवते, म्हणून आकडा मोठा तेवढी थायरॉइड थकलेली.

घरी सांगितलं तर दादा म्हणाले, "थायरॉइड बायकाइचा रोग हाय, तुले कुठून आला?" बायकांना तो कितीतरी जास्त होतो, हे खरं. पण म्हणून पुरुषाला होतच नाही? ही ग्रंथी प्रत्येकाच्या गळ्यात असते. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, पुढे ७५ वर गेली. पहाटे उपाशीपोटी, चहा अर्ध्या-एक तासानं. दर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी. पुढच्या वर्षी डवरणी मीच केली, पूर्ण.

आता तुमच्या इंजेक्शनचं. थायरॉइड कमी असलं की टेस्टोस्टेरॉनचा आकडाही खाली दिसतो, आणि थायरॉइड सुधारलं की तो बरेचदा आपोआप वर येतो. शिवाय टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं. दुपारी नमुना दिला तर चांगल्या माणसाचंही कमी येईल. सकाळी सात ते दहात, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी कमी आलं तरच पुढचं बोलणं. बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, शुक्राणू घटतात, रक्त दाट होतं. मित्राच्या सांगण्यावरून घ्यायची ही वस्तू नाही.

अर्थात मी डॉक्टर नाही. तुमचं थायरॉइड ठीकही निघेल. साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ त्याच नमुन्यात करून घ्या. हिमोग्लोबिन कमी आलं तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागवू नका. आपल्या वयाच्या पुरुषात रक्त पोटातून जात नाही ना, हे बघावं लागतं. रात्री मोठ्यानं घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि घरात कोणाला थायरॉइड असेल तर थांबूच नका, हे रक्ताच्या नात्यात चालतं. आमच्या आईच्या गळ्याला गाठ होती. दादा आता ६५ चे आहेत, त्यांचा आवाज जाडा झालाय, दिवसा खाटेवर डोळा लागतो. मी दोनदा म्हटलं, दादा, चला यवतमाळला. म्हणतात, "म्हातारपण हाय." वहिनींना सांगून ठेवलंय : ते हो म्हणतील त्या दिवशी पहाटे त्यांना चहा देऊ नका, मी गाडी घेऊन येतो.