माणसं परत आली, पैसा किती आला?

प्रश्न : श्रीलंकेतलं पर्यटन सावरलं म्हणतात. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसतोच, मग परतणाऱ्यांना गाठून वेगळी प्रश्नावली कशाला? (पुणे)

उत्तर : शिक्क्यावरून डोकी मोजता येतात, खिसा नाही. २०१८ साली श्रीलंकेत सुमारे २३.३ लाख परदेशी पर्यटक आले. मग २०१९चे ईस्टरचे बॉम्बस्फोट, कोविड आणि २०२२ची पेट्रोलटंचाई. २०२१ मध्ये तर आकडा दोन लाखांच्याही खाली गेला. २०२४ मध्ये साडेवीस लाख आले, म्हणजे २०१८च्या ८८ टक्के. पण उत्पन्न ४.३८ अब्ज डॉलर होतं, ते ३.१७ अब्जांवरच अडलं, जेमतेम ७२ टक्के. भागाकार केला तर माणशी साधारण १,८८० डॉलर मिळायचे, तिथे २०२४ मध्ये १,५४० मिळाले. याला मी ‘सावरलं’ म्हणणार नाही.

शिवाय हे उत्पन्न कुणी गल्ल्यातून मोजून काढलेलं नसतं. तिथली मध्यवर्ती बँक आलेले पर्यटक, सरासरी मुक्काम आणि रोजचा सरासरी खर्च यांचा गुणाकार करते. खर्चाचा आकडा मिळतो तो परतणाऱ्यांच्या पाहणीतून. तो दहा टक्क्यांनी चुकला की तीस कोटी डॉलरचा घोळ.

प्रश्न : कोलंबोहून मुंबईला निघताना एका मुलीने आम्हाला खर्च विचारला. आम्ही अंदाजपंचे सांगून टाकला. अशा उत्तरांचा काय उपयोग? (डोंबिवली)

उत्तर : कुणी कमी सांगतो, कुणी जास्त; बरीच माणसं विचारली की ते बरंचसं फिटतं. सगळे एकाच बाजूला चुकले तर पंचाईत, आणि तशी चूक हमखास होते ती पॅकेजमध्ये. समजा, तुम्ही इथल्या टूरवाल्याला चौघांचे अडीच लाख दिले. त्यात विमानतिकीट, हॉटेल, नाश्ता, कँडीपर्यंतची गाडी, सगळं आलं. यातलं श्रीलंकेत पोचलं किती? टूरवाल्याचं कमिशन इथेच राहिलं. तिकीट भारतीय कंपनीचं असेल तर तेही वजा. म्हणून पॅकेजमध्ये काय काय होतं, पैसे किती जणांचे आणि रात्री किती, हे एकेक करून विचारावं लागतं. चौघांचा खर्च एकाच्या नावावर लिहिला गेला, की आकडा चौपट!

विचारायचं कधी, हेही महत्त्वाचं. इमिग्रेशन उरकून माणूस गेटपाशी बसला की त्याला वेळ असतो आणि खर्च आठवतही असतो. पण पाहणी फक्त दिवसपाळीत केली, तर मध्यरात्रीच्या विमानांचे प्रवासी सुटतात. मग कुठल्या देशाची उत्तरं कमी पडली ते बघून, त्या देशाच्या एकूण पर्यटकांच्या प्रमाणात त्यांना वजन द्यावं लागतं, म्हणजे हिशेबात ती जास्त पटीने धरावी लागतात.

जे आलेच नाहीत ते गेटवर भेटत नाहीत. लोक का घाबरले, याचं उत्तर या पाहणीत शोधू नये.

प्रश्न : आपण भारतीय चार-पाच दिवसांत परततो. आपल्यामुळेच सरासरी पडली का? (नागपूर)

उत्तर : थोडीफार. पण सगळं खापर आपल्या माथी नको. २०१८ मध्ये भारतीयांचा वाटा १८ टक्के होता, २०२४ मध्ये २०. एवढ्याशा फरकाने सरासरी इतकी घसरत नाही. दरम्यान चिनी पर्यटक निम्म्यावर आले आणि रशियन तिपटीने वाढले. गर्दीच बदलली. म्हणून जर्मन पर्यटक तेव्हा किती रात्री राहायचा आणि आता किती राहतो, अशी एकेका देशाची स्वतःशीच तुलना करावी. एकत्रित सरासरीवरून हॉटेलवाल्यांनी दर ठरवू नयेत.

प्रश्न : असं अंदमानात जमेल का? (रत्नागिरी)

उत्तर : विचारणं सोपं आहे. बाहेर पडायच्या वाटा मोजक्या : श्री विजयपुरमचा, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरचा विमानतळ, नाहीतर चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमची बोट. अडचण वेगळीच आहे. बहुतेक पर्यटक भारतीय, त्यामुळे पासपोर्टचा शिक्का नाही. आणि त्याच विमानात नौदलाचे जवान, सरकारी कर्मचारी, चेन्नईला दवाखान्यात निघालेले स्थानिकही बसलेले. तिथे खर्चाआधी विचारावं लागेल, ‘तुम्ही राहता कुठे?’