उपकेंद्राचा नळ कोरडा, जबाबदार कोण?

प्रश्न : मॅडम, मी पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाले आहे. आमचं गाव आदिवासी पट्ट्यात, डोंगरावर आहे. उपकेंद्राची इमारत चांगली आहे, पण बाळंतपणाच्या खोलीतल्या नळाला पाणी नाही. बीपीच्या गोळ्या महिनाभर संपलेल्या आहेत. सिस्टरकडे शेजारच्या उपकेंद्राचाही अतिरिक्त पदभार असल्यामुळे त्या निम्मा आठवडा इथे नसतात. सरपंच म्हणतात, हे झेडपीचं काम. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं तर म्हणाले, पाणी ग्रामपंचायतीनं द्यायचं, बाकीचं वरून येतं. किमान सुविधा मिळायलाच हव्यात असं सगळे म्हणतात, पण त्या द्यायच्या कोणी? (कृपया नाव-गाव छापू नये.)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची दारं वेगळी आहेत. ‘उपकेंद्रात सुविधा नाहीत’ असा एकच मोघम अर्ज दिलात, तर प्रत्येक टेबल तो पुढच्या टेबलाकडे सरकवणार. आरोग्य सहायिका म्हणून मी नोकरीभर उपकेंद्रांच्या पर्यवेक्षणाला फिरले. असे अर्ज फायलीत पिवळे पडलेले मी पाहिले आहेत. म्हणून आधी त्या तीन गोष्टी सुट्या करा.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण ते तुमच्याच हातात आहे. बाळंतपणाच्या खोलीत कोपरानं उघडता येईल असा नळ हवा आणि त्याला चोवीस तास पाणी हवं, असं मानक आहे. हात धुतल्यावर पुन्हा तोटीला बोटं लागू नयेत, एवढ्यासाठी तो कोपराचा नळ. जिथे पाणी नसतं तिथे काय होतं ते सांगते. अंशकालीन परिचर बाई हातपंपावरून दोन बादल्या आणून ठेवते, त्यातलं पाणी सिस्टर तांब्यानं हातावर घेते, आणि बाळ आलं की तेच पाणी आईलाही आणि फरशीलाही पुरवायचं असतं. जंतुसंसर्ग तिथूनच सुरू होतो. हे थांबवायला मंत्रालयात जायची गरज नाही. जलजीवन मिशनमध्ये घरांबरोबर शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्रांनाही नळजोडणी धरलेली आहे. 2021 ते 2026 या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा तर पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता. तुमच्या गावच्या आराखड्यात उपकेंद्राची जोडणी धरली होती का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) आराखडा मागवून स्वतः वाचा. नसेल, तर पुढच्या आराखड्यात ते काम नावानिशी घाला. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

सरपंचांनी ‘हे झेडपीचं’ म्हणावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उपकेंद्राला आरोग्यवर्धिनी केंद्राचा दर्जा मिळालेला असेल (हल्ली पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेलं असतं), तर तिथे जन आरोग्य समिती असते. तिचे अध्यक्ष सरपंच असतात आणि सचिव समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे अशा उपकेंद्राचे प्रमुख. म्हणजे ज्या खुर्चीवरून ते बोलतात, त्याच खुर्चीवर ही जबाबदारी आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे 29 विषय आहेत. त्यातला 23 वा विषय आरोग्य आणि स्वच्छतेचा, दवाखाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसह. समितीची शेवटची बैठक कधी झाली, तिचं इतिवृत्त दाखवा, एवढंच ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत विचारा. आवाज चढवायची गरज नाही, पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

गोळ्यांचा मार्ग वेगळा. देशातली सार्वजनिक आरोग्य मानकं 2007 साली पहिल्यांदा आली आणि 2022 मध्ये शेवटची सुधारली गेली. आरोग्यवर्धिनी झालेल्या उपकेंद्रात 105 औषधं आणि 14 तपासण्या मिळाव्यात, असं ठरलेलं आहे. बीपीच्या गोळ्या त्या यादीत आहेत. उपकेंद्राला औषध प्राथमिक आरोग्य केंद्रातून येतं आणि त्यासाठी मागणीपत्र द्यावं लागतं. सिस्टरच्या किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर साठा नोंदवही असते. त्यांच्या शेजारी बसून अॅम्लोडिपिनचं, म्हणजे बीपीच्या गोळीचं, पान उघडायला सांगा. शिल्लक शून्य कोणत्या तारखेला झाली आणि त्याआधी मागणी गेली होती का, त्या मागणीला जावक क्रमांक आहे का, हे पाहा. मागणी गेलीच नसेल, तर अडचण उपकेंद्रात आहे. गेली असूनही माल आला नसेल, तर प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. तातडीची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक पातळीवर घेता येतात. बीपीची गोळी महिनाभर सुटलेल्या म्हाताऱ्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला, तर त्याचं घर बसतं. म्हणून या पानाकडे मी फार कडकपणे पाहत असे.

आता सिस्टर. ताई, तुम्हाला कळकळीनं सांगते, पहिला राग तिच्यावर काढू नका. डोंगरी आणि आदिवासी भागात 3 हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा निकष आहे. दोन उपकेंद्रं एकीच्या गळ्यात म्हणजे दुप्पट लोक. लसीकरणाचे दिवस, गरोदर मातांच्या भेटी, ऑनलाइन नोंदी आणि रात्री-अपरात्रीची बाळंतपणं, सगळं तिच्यावर. रिक्त जागा तिनं निर्माण केलेली नाही. नियमित आरोग्य सेविका (म्हणजे आपल्या सिस्टर) आणि पुरुष आरोग्य सेवक ही जिल्हा परिषदेची पदं, तेव्हा त्यांच्यासाठी पत्र मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद मात्र राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं कंत्राटी, त्याची भरती वेगळी. शेजारच्या उपकेंद्रात नेमकं कोणतं पद रिकामं आहे आणि कधीपासून, हे लिहिल्याशिवाय पत्र पाठवू नका.

हे सगळं एकटीनं करू नका. गावात आशाताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, बचत गट आहेत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला 10 हजार रुपये अबंधित, म्हणजे कामाचं बंधन नसलेला, निधी येतो. रक्कम लहान आहे, पण ती कशावर खर्च झाली हे समितीतल्या बायकांना माहीत असलं की बोलायला बळ येतं. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा असते. तिथेच तिन्ही मुद्द्यांचे तीन स्वतंत्र ठराव घ्या, म्हणजे मुख्य ग्रामसभेत ते कुणाला टाळता येणार नाहीत. ठरावाच्या प्रती गटविकास अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.

याला आधार आहे. 2007 पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरी स्वतः सेवांना हिरवा, पिवळा, लाल असा शेरा देत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते पत्रक ठेवत. नुसत्या ओरडण्याला उत्तर मिळत नसे. पण तारीख आणि औषधाचं नाव घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला उत्तर द्यावंच लागे. तुमच्या गावानंही एक साधं पत्रक करावं, असं मला वाटतं.

प्रश्न : सुनेला बाळंतपणासाठी ग्रामीण रुग्णालयात नेलं. रक्ताच्या तपासण्या बाहेरून पैसे भरून करून आणायला लावल्या. आम्ही जिल्हा परिषदेकडे तक्रार केली, दोन महिने उत्तर नाही. काय करावं?

उत्तर : दादा, तक्रार खरी आहे, पत्ता चुकला आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण रुग्णालय मात्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. म्हणून अर्ज तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांना द्या आणि प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी रुग्णालयातली बाळंतपणाची तपासणी, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडण्याची गाडी मोफत आहे. शिवाय 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारच मोफत केले आहेत. बाहेरच्या प्रयोगशाळेची पावती आणि डॉक्टरांनी तपासणी लिहून दिलेली चिठ्ठी, दोन्हींच्या झेरॉक्स अर्जाला जोडा. मूळ कागद घरीच ठेवा, आणि आवक शिक्का मारलेली प्रत हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.