पीएचडी झाली, आता विद्यापीठात नोकरी कुठे शोधू?

पीएचडी हातात आहे, नेट-सेट (प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) नाही, जाहिराती कुठे बघू, असं विचारलंय. पीएचडी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार झाली असेल तर सहायक प्राध्यापक पदासाठी नेट-सेटमधून सूट मिळते. तरी सेट देऊन टाका. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती पुणे विद्यापीठ घेतं.

केंद्रीय विद्यापीठांच्या जागा 'सीयू-चयन' पोर्टलवर एकत्र दिसतात. राज्यातल्या विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर मात्र स्वतःच चक्कर मारावी लागते. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन महिना 57,700 रुपये, पण कायम पदांची भरती रखडत चालते. मधल्या काळात बहुतेक जण तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांनुसार मानधन घेऊन, शिकवतात. माझं स्पष्ट मत: त्यात वर्षानुवर्षं अडकू नका. पैसे तुटपुंजे, आणि तेही वेळेवर मिळतील तर शपथ!

विज्ञानातले असाल तर आयसर, एनसीएल, टीआयएफआर अशा संशोधन संस्थांतल्या प्रकल्पांतली रिसर्च असोसिएटची (पीएचडीनंतरच्या संशोधकाची) पदं बघा. ती तात्पुरती असतात, पण शोधनिबंध वाढतात आणि पुढच्या मुलाखतीत तेच विचारतात. खरं सांगायचं तर अशा जागा बऱ्याचदा जाहिरातीआधीच कानावर येतात. ज्यांचे निबंध तुम्ही वाचलेत त्या प्राध्यापकांना थेट ईमेल करा, चार ओळींचा. सोबत बायोडेटा. सगळ्यांना एकच मजकूर पाठवलात तर लगेच कळतं बरं का.